कलिंगात न कोरलेला लेख

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत सगळ्यात जास्त टोमणे कुठल्या विषयाला बसत असतील, तर इतिहासाला. गणिताची भीती वाटते, पण गणित कशाला शिकायचं असं सहसा कुणी विचारत नाही. इतिहासाचं तसं नाही. ‘मेलेल्या राजांच्या लढाया पाठ करून काय मिळणार?’ हा प्रश्न मुलं विचारतात, आणि खरं सांगायचं तर बरेच पालकही मनातल्या मनात तोच विचारत असतात.

त्यावर आपण मोठी माणसं एक ठरलेलं उत्तर देतो. इतिहासापासून धडा घ्यायचा असतो, म्हणजे जुन्या चुका पुन्हा होत नाहीत. हे उत्तर मला कधीच पुरतं पटलेलं नाही. १९५६ साली इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी इतिहासातूनच धडा घेतला होता. १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटन आणि फ्रान्सनं हिटलरपुढे नमतं घेतलं, त्याची किंमत जगानं मोजली. आता या नव्या हुकूमशहापुढे नमायचं नाही. नासर म्हणजे त्यांना दुसरा मुसोलिनी, दुसरा हिटलर वाटू लागला. फ्रान्स आणि इस्राएलबरोबर मिळून हल्ला झाला, अमेरिकेनं डोळे वटारले, सैन्य मागे घ्यावं लागलं आणि १९५७ च्या जानेवारीत ईडन पायउतार झाले. धडा घेतला होता, पण चुकीच्या पानावरचा! दोन प्रसंग वरवर सारखे दिसले म्हणून ते सारखे असतातच असं नाही.

मग इतिहास शिकायचा कशासाठी? माझ्या मते, कुणी काही ठासून सांगितलं की ‘हे कशावरून?’ असं विचारायची सवय लागावी म्हणून. ही सवय उपदेश करून लागत नाही. एखादं प्रकरण नीट उलगडून पाहावं लागतं. आज आपण एक पाहू.

सम्राट अशोक आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी त्याचे शिलालेख कुणालाच वाचता येत नव्हते. दगड समोर उभे होते, अक्षरं स्पष्ट होती, पण लिपी विसरली गेली होती. कलकत्त्याच्या टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप नावाचे अधिकारी होते. सांचीच्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर छोटे छोटे लेख आहेत, आणि त्यातले बरेचसे एकाच अक्षरजोडीनं संपतात, हे त्यांच्या लक्षात आलं. एवढे सगळे लेख एकाच शब्दानं का संपावेत? धर्मस्थळी लोक काय करतात? दान देतात. तो शब्द ‘दानं’ असावा, असा त्यांनी तर्क केला. त्यातून द सापडला, न सापडला आणि १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी वाचता येऊ लागली.

लेख वाचले, तर त्यात अशोकाचं नावच नाही! राजा स्वतःला ‘देवानंपिय पियदसि’, म्हणजे देवांचा लाडका प्रियदर्शी, म्हणवतो. हा कोण? प्रिन्सेप यांना आधी तो श्रीलंकेचा राजा वाटला. मग तिथल्या पाली ग्रंथांचे अभ्यासक जॉर्ज टर्नर यांनी दाखवून दिलं, की पियदसि म्हणजेच अशोक. तरी त्याच्या स्वतःच्या लेखात त्याचं नाव कोरलेलं मिळालं ते थेट १९१५ मध्ये, कर्नाटकातल्या मस्कीला. म्हणजे पुस्तकात एका ओळीत उरकलेल्या राजाची ओळख पक्की व्हायला पाऊणशेहून अधिक वर्षं लागली.

आता खरी गंमत पुढे आहे. अशोकाचा तेरावा शिलालेख प्रसिद्ध आहे. कलिंगच्या युद्धात दीड लाख माणसं देशोधडीला लावली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी जास्त मेली, आणि याचा मला पश्चात्ताप होतो, असं राजा स्वतः सांगतो. जिंकलेल्या राजानं असं दगडावर कोरून ठेवणं ही विलक्षण गोष्ट आहे, यात शंका नाही. हा एकच लेख ठिकठिकाणच्या दगडांवर कोरलेला आहे. तो गिरनारला आहे, कालसीला आहे, दूर वायव्येला शाहबाजगढीला आहे. पण खुद्द कलिंगात? तिथे धौली आणि जौगड या दोन ठिकाणी अशोकाचे लेख आहेत, आणि त्यात तेरावा लेख नाही. त्याऐवजी तिथे वेगळे लेख आहेत. सगळी माणसं माझी लेकरं आहेत, कुणालाही विनाकारण कोंडू नका, छळू नका, असं त्यात अधिकाऱ्यांना बजावलेलं आहे.

ज्यांची माणसं मारली, त्यांनाच ‘मला वाईट वाटतं’ हे का सांगितलं नाही? जखम ताजी होती म्हणून? नव्या प्रजेपुढे राजा कमजोर दिसेल म्हणून? शिवाय त्याच तेराव्या लेखात रानातल्या लोकांना एक इशाराही आहे, की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हातात बळ आहे. मग हा पश्चात्ताप खोटा होता का? मला तसं वाटत नाही. माणूस मनापासून हळहळू शकतो आणि त्याच वेळी राज्यही चालवू शकतो. पण माझं मत बाजूला ठेवा. नववीतल्या मुलांपुढे हा प्रश्न टाकून पाहा, वर्गात भांडण जुंपेल. आणि प्रत्येकाला आपल्या बाजूनं बोलताना लेखातलंच काहीतरी दाखवावं लागेल.

आता सनावळ्यांबद्दल. त्यांची बाजू घेणारं कुणी नसतं, म्हणून मी घेतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन यानं चौथ्या शतकात पश्चिमेकडची सत्ता पोपच्या हवाली केली, असा एक दस्तऐवज युरोपात कित्येक शतकं मानला जात होता. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या पंडितानं तो बनावट असल्याचं सिद्ध केलं. त्यातली लॅटिन कॉन्स्टंटाईनच्या काळची नव्हतीच, काही शब्द त्या काळी तसे वापरलेच जात नव्हते. कुठली गोष्ट कुठल्या काळातली, हे माहीत असल्याशिवाय अशी चोरी पकडता येत नाही. आज मोबाइलवर जुना फोटो नव्या मजकुरासह फिरतो, तेव्हा तो पकडायची रीतही हीच.

सनावळ्यांचा आणखी एक उपयोग आहे. २८ जून १९१४ ला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि २८ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियाशी युद्ध पुकारलं. मधल्या महिन्यात लोक सुट्टीवर जात होते, लग्नं ठरवत होते. पुढे महायुद्ध आहे, हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांना नव्हतं. त्या महिन्याची एकेक तारीख समोर ठेवली की कळतं, कितीदा वेगळा निर्णय घेता आला असता. ‘व्हायचंच होतं’ असं मग म्हणवत नाही.

पालकांना एक सुचवतो. घरात एखादा जुना, मागे काहीही न लिहिलेला फोटो असेल, तर तो मुलांच्या हाती द्या आणि साल ओळखायला सांगा. कपडे, केशरचना, मागचं सामान, कागदाचा प्रकार, त्यात कोण आहे, कोण अजून जन्मलेलंच नाही... सगळं पाहू द्या. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारू द्या. दोघांची सालं वेगळी निघतील. तेव्हा आजी-आजोबांनाही विचारायचं, कशावरून? रागावले तर माझं नाव सांगा. नमस्कार.