इंडीला लागायचं तेव्हा

[दृश्य : कच्चा रस्ता, धुळीचा लोट, भरधाव ट्रक]

१९८१चा ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’. पडद्यावर इजिप्त, प्रत्यक्षात ट्युनिशिया. नाझींच्या ट्रकमध्ये कराराचा कोश, म्हणजे बायबलमधली दहा आज्ञांची पवित्र पेटी आहे, आणि पुरातत्त्वाचा एक प्राध्यापक, इंडियाना जोन्स ऊर्फ इंडी, तो ट्रक पळवायला निघालाय. घोड्यावरून आला, ट्रकवर उडी टाकली, ड्रायव्हरला बाहेर फेकून चाक हातात घेतलं. इथवर ठीक. मग दंडात गोळी शिरते. एक सैनिक केबिनमध्ये घुसतो आणि ठोसा हाणतो तो नेमका त्याच जखमेवर. पुढच्या क्षणी आपला नायक काच फोडून ट्रकच्या नाकाडावर. आधार म्हणून जे चिन्ह पकडतो तेही तुटून हातात येतं. तिथून तो ट्रकच्या पोटाखाली सरकतो, मागच्या बाजूला चाबकाला लटकतो आणि खडीवरून फरफटत जातो.

हे टेरी लेनर्ड नावाच्या स्टंटमनने खरोखर केलं. ट्रकखाली माणूस मावावा म्हणून रस्त्याच्या मधोमध चर खणला होता, आणि ट्रक हळू चालवून कॅमेऱ्याच्या करामतीने त्याला वेग दिला होता. फरफटण्याच्या काही शॉट्समध्ये तर इंडी साकारणारा खुद्द हॅरिसन फोर्ड आहे.

पण या पाठलागापेक्षा मला त्यानंतरचा बोटीवरचा प्रसंग मोठा वाटतो. त्याची प्रेयसी मॅरियन त्याच्या जखमा पुसायला बसते आणि जिथे हात लावेल तिथे हा कळवळतो. शेवटी ती वैतागून विचारते, की बाबा, दुखत नाही असं कुठे काही आहे का? तो कोपर दाखवतो. मग कपाळ. ती तिथे तिथे ओठ टेकवते आणि ऐन प्रेमप्रसंगात साहेब चक्क झोपी जातात.

[दृश्य : नेवाडाचं वाळवंट, टुमदार घरांची रांग]

२२ मे २००८. मधे १९ वर्षं गेलेली. ‘लास्ट क्रुसेड’ या तिसऱ्या भागाच्या शेवटी मावळतीकडे घोडे दौडवत गेलेला इंडियाना जोन्स ‘किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल’ या चौथ्या भागात परत आलाय. फोर्ड ६५ वर्षांचा, कथेतलं साल १९५७. रशियनांच्या तावडीतून निसटून इंडी एका वसाहतीत शिरतो. घरात टीव्ही चालू आहे, कुटुंब सोफ्यावर बसलंय, आणि कुणीच हलत नाही. सगळे पुतळे. भोंगा वाजायला लागतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं, की आपण अणुस्फोटाच्या चाचणीत उभे आहोत.

ही वसाहत काही पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेली नाही. ५ मे १९५५ रोजी नेवाडाच्या चाचणी क्षेत्रात अमेरिकेने सुमारे २९ किलोटनांचा ‘ॲपल-२’ हा स्फोट केला, तेव्हा खरोखरच घरं बांधली होती, पुतळे बसवले होते, डबाबंद अन्नसुद्धा ठेवलं होतं. स्फोटानंतर काय उरतं ते बघायचं होतं. तेव्हा पुतळ्यांपर्यंत सिनेमा इतिहासाला धरून आहे.

पुढे मात्र घोडं पेंड खातं. इंडी फ्रिज रिकामा करतो. फ्रिजवर शिशाचं अस्तर असल्याची पाटी आहे. आत शिरून दार ओढून घेतो. स्फोट होतो, पुतळे वितळतात, घरांचा भुगा होतो आणि फ्रिज रशियनांच्या गाडीवरून उडत जाऊन कुठेतरी लांब आदळतो. गडगडतो. दार उघडतं. संगणकावर तयार केलेला एक उंदरासारखा प्राणी टुकूटुकू बघतो. इंडी उठतो आणि चालायला लागतो.

त्यानंतर एक शॉट आहे : पाठमोरा इंडी, डोक्यावर ती टोपी, आणि समोर आभाळभर फुलत गेलेलं मशरूमसारखं ढगाचं छत्र. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातली ही सर्वांत अर्थपूर्ण चौकट. चाबूक आणि पिस्तूल घेऊन वावरणारा माणूस ज्या जगात येऊन पोचलाय त्या जगात त्याच्या चाबकाला काडीची किंमत नाही, हे एकही शब्द न बोलता कळतं. गंमत बघा : मालिकेतला सर्वाधिक शिव्या खाल्लेला प्रसंग आणि ही चौकट, दोन्ही एकाच मिनिटातले.

शिव्या इतक्या पडल्या, की ‘न्यूक द फ्रिज’ असा वाक्प्रचारच रूढ झाला. एखादी मालिका विश्वासाची शेवटची रेघ ओलांडते तो क्षण, असा त्याचा अर्थ. ‘टाइम’ मासिकाने २००८च्या गाजलेल्या शब्दांत त्याची नोंद घेतली. मालिकेचे जनक आणि निर्माते जॉर्ज ल्युकास मात्र मागे हटले नाहीत. २०१२ साली त्यांनी सांगितलं, की फ्रिजला शिशाचं अस्तर असेल, आदळताना मान मोडली नाही आणि दार आतून उघडता आलं, तर शास्त्रज्ञांच्या मते वाचण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. तीन ‘जर’ घातल्यावर काय, कशाचीही शक्यता निम्मी होते.

[दृश्य : बर्फाळ डोंगर, हवेत भरणारी रबरी होडी]

आता दुसरी बाजू ऐकू. २००८च्या चित्रपटाची पाठराखण करणाऱ्यांकडे एक हुकमी पत्ता आहे, तो म्हणजे १९८४चा ‘टेम्पल ऑफ डूम’. विमान कोसळतंय, पॅराशूट नाही, म्हणून तिघं जण रबरी होडीत बसून उडी मारतात. होडी बर्फावर आपटते, घसरत जाते, कड्यावरून खाली नदीत पडते, आणि कुणाला खरचटतही नाही. याच चित्रपटात आपले अमरीश पुरी मोलाराम होऊन एका माणसाच्या छातीत हात घालून धडधडतं काळीज बाहेर काढतात आणि तो माणूस त्यानंतरही जिवंत असतो! या सगळ्याला ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी फ्रिजवर नाक मुरडावं, हा कुठला न्याय?

आणि जुने चित्रपट पवित्र होते म्हणणाऱ्यांना आपण मराठी प्रेक्षकांनी तर हसूनच दाखवावं. ज्या चित्रपटात भारतीय राजवाड्यातल्या मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला जातो, ज्याला पटकथेवरच्या आक्षेपांमुळे भारतात चित्रीकरण करता आलं नाही आणि श्रीलंकेत कँडीला जावं लागलं, ज्यावर आपल्याकडे काही काळ बंदीही होती, तो या मालिकेचा दुसरा भाग. सोवळं तिथेच सुटलं होतं.

तरीही मला हा युक्तिवाद पुरता पटत नाही. ‘टेम्पल ऑफ डूम’मधला इंडी होडीतून सुखरूप उतरतो खरा, पण पुढे त्याला जबरदस्तीने रक्त पाजलं जातं, चाबकाचे फटके बसतात, पुलावरून लोंबकळताना त्याच्या तोंडचं पाणी पळतं. त्याची भीती आपल्याला दिसते. म्हणजे अशक्य गोष्टींचं या मालिकेला कधीच वावडं नव्हतं. कोशातून भुतं निघाली, गुहेत सातशे वर्षांचा शिलेदार पहारा देत बसला, कुणी हूं की चूं केलं नाही. अट एकच होती, ती म्हणजे अशक्य गोष्टीची किंमत अंगावर दिसली पाहिजे. फ्रिजमधून बाहेर पडलेल्या इंडीला खसाखसा घासून अंघोळ घालतात, सरकारी माणसं त्याची उलटतपासणी घेतात आणि कथा पुढे जाते. साठीला टेकलेल्या माणसाची पाठसुद्धा धरलेली नाही! वय झालेल्या नायकाची गोष्ट सांगायला घेतली आणि त्याचं वय फक्त विनोदापुरतं वापरलं. माझी तक्रार आहे ती इथे.

[दृश्य : जुन्या साय-फाय पोस्टरांच्या धाटणीची चित्रं, उडत्या तबकड्या]

२००८च्या चित्रपटात कवटीच्या गूढामागे एलियन निघतात. त्यावरून जो गदारोळ झाला त्यात मात्र मी ल्युकास यांच्या बाजूला आहे. निदान अर्ध्या वाटेपर्यंत.

मे १९७७मध्ये हवाईच्या समुद्रकिनारी स्टीव्हन स्पीलबर्ग, म्हणजे पहिल्या चारही भागांचे दिग्दर्शक, म्हणाले, की मला बाँडपट करायचाय. ल्युकास म्हणाले, माझ्याकडे त्याहून चांगलं काहीतरी आहे. ते ‘काहीतरी’ १९३०-४०च्या दशकांतल्या साहसी मालिकापटांतून आलं होतं. दर आठवड्याला एक भाग, आणि दर भागाच्या शेवटी नायकाच्या जिवावर बेतलेलं. कथा १९३०च्या दशकातली म्हणून सिनेमाही त्याच दशकाच्या थाटाचा. मग कथा १९५७ मध्ये गेल्यावर सिनेमाने १९५०च्या दशकाचा थाट उचलायला नको? आणि त्या दशकातले स्वस्तातले चित्रपट होते उडत्या तबकड्यांचे, अणुबॉम्बचे, कम्युनिस्टांच्या धास्तीचे. हे गणित अगदी चोख आहे. परग्रहवासीयांवरची एक पटकथा नव्वदच्या दशकातच लिहून झाली होती. १९९६ मध्ये ‘इंडिपेंडन्स डे’ आला आणि ती बाजूला पडली. नंतर फ्रँक डॅराबाँट यांनी लिहिलेला मसुदा स्पीलबर्ग यांना आवडला, ल्युकास यांना नाही. शेवटी डेव्हिड केप यांच्या पटकथेवर गाडी मार्गी लागली आणि एलियनचे झाले ‘दुसऱ्या मितीतले जीव’. या तडजोडीने कुणाचं समाधान झालं ते शोधावं लागेल.

गणित चोख, पण वस्तू चुकली. कोश आणि ग्रेल (तिसऱ्या भागातला ख्रिस्ताचा पवित्र पेला) यांच्याबद्दलचा धाक प्रेक्षक थिएटरात येतानाच सोबत घेऊन येतो. दिग्दर्शकाने झाकण जरा उचललं की काम झालं. चौथ्या भागात इंडी जिच्यामागे लागतो त्या स्फटिकाच्या कवटीचा असा धाक नाही. शिवाय त्या कवट्यांचं पितळ केव्हाच उघडं पडलंय. ब्रिटिश म्युझियमने १८९७ मध्ये टिफनी कंपनीकडून घेतलेली कवटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा तिच्यावर फिरत्या चाकाने घासल्याच्या खुणा सापडल्या. कोलंबसपूर्व अमेरिकेत तसली चाकं नव्हती. १९९२ साली निनावी पार्सलने अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आलेली कवटी त्याहून अलीकडची निघाली. या दोन्ही कवट्यांवरचा सविस्तर शोधनिबंध छापून आला तोही नेमका २००८ मध्येच. म्हणजे ज्या वर्षी पडद्यावर पुरातत्त्वाचा सर्वांत लाडका प्राध्यापक कवटीमागे जिवाचं रान करत होता, त्याच वर्षी खरे पुरातत्त्वज्ञ सांगत होते, की माल बनावट आहे.

प्राचीन संस्कृती बाहेरच्या पाहुण्यांनी घडवल्या ही कल्पना तर आणखी खटकणारी. एरिक फॉन डेनिकेन या स्विस लेखकाने १९६८ मध्ये ती घरोघरी पोचवली, आणि तेव्हापासून पेरू-मेक्सिकोच्या कारागिरांचं श्रेय आकाशाकडे बघून वाटलं जातंय. चित्रपट तर मेक्सिकोकडची माया संस्कृती आणि पेरू यांचीही सरमिसळ करून टाकतो. चाहत्यांच्या भांडणात हा मुद्दा फारसा निघत नाही. तिथे गाडी फ्रिजवर अडते.

[दृश्य : जंगल, शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन गाड्या]

चित्रपट घडवणाऱ्याचा ‘हात’ ज्याला आपण म्हणतो, तो कुठे बदलला ते या पाठलागात दिसतं. पहिल्या तिन्ही चित्रपटांचं छायाचित्रण डग्लस स्लोकम यांचं. ऊन म्हणजे ऊन, सावली म्हणजे काळीशार सावली. चौथ्यात यानुश कामिन्स्की आले. त्यांनी जुने चित्रपट अभ्यासून तो बाज धरायचा प्रयत्न केला, पण प्रकाशाला एक दुधाळ झाक आहे आणि त्यामुळे खरा सेटही खोटा वाटतो. जंगलाचं बरंच चित्रीकरण हवाईत झालं, झाडं खरी होती, आणि तरी धावत्या गाड्यांवरची तलवारबाजी बघताना संगणकाने चिकटवलेली पार्श्वभूमी डोळ्यांना टोचत राहते. मग इंडीचा मुलगा मट, म्हणजे शाया लबफ, वेलींना लोंबकळत माकडांच्या टोळीबरोबर पाठलागात सामील होतो. या प्रसंगाची बाजू घेणारा मला अजून भेटायचाय. खुद्द लबफने २०१० मध्ये, आपण कमी पडलो, असं जाहीरपणे कबूल केलं. त्यावरून फोर्ड त्याच्यावर चांगलाच उखडला.

राहिला प्रश्न विश्वासघाताचा, म्हणजे आवडत्या मालिकेचा घात केल्याच्या आरोपाचा. चाहते हा आरोप बहुतेक वेळा ल्युकास यांच्यावर ठेवतात. पण ल्युकास यांनी जे मनात होतं तेच केलं, लपवाछपवी नाही. अवघड जागा आहे ती स्पीलबर्ग यांची. २०११ मध्ये त्यांनी सांगून टाकलं, की कथेतली ती कवटीची वस्तू मलाही कधी आवडली नव्हती, मित्रावर भरवसा ठेवून मी गेलो. फ्रिजचा दोष मात्र त्यांनी स्वतःवर घेतला. त्यावर ल्युकास म्हणाले, तो मला वाचवतोय. मैत्री म्हणून हे लोभसच. पण ज्या गोष्टीवर दिग्दर्शकाचाच जीव नाही ती गोष्ट तो कसबाने सजवतो, आणि पडद्यावर नेमकं तेच उमटतं : सगळं जागच्या जागी आणि कशातच धग नाही.

[दृश्य : २०२३, थिएटरबाहेरची रांग नसलेली तिकीटखिडकी]

पाचवा भाग ‘डायल ऑफ डेस्टिनी’ स्पीलबर्ग यांनी केलाच नाही. जेम्स मॅनगोल्ड यांनी केला, आणि चाहत्यांच्या तक्रारींची यादी समोर ठेवून केल्यासारखा केला. फ्रिज नाही, कवट्या नाहीत. मटला तर पडद्यामागेच व्हिएतनाम युद्धात मारून टाकलं, ते एका संवादात कळतं. मॅरियनशी लागलेलं लग्नही मोडकळीला आणलं. नाझी परत, आणि सुरुवातीला संगणकाने तरुण केलेला फोर्ड. शिवाय इथे ८० वर्षांच्या फोर्डचा इंडी खरोखर थकलेला आहे, उघड्या अंगावरच्या सुरकुत्यांसकट, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडली. शेवटी तो आर्किमिडीजच्या काळात जाऊन पोचतो तेव्हा परत तोच वाद सुरू झाला, ही गोष्ट वेगळी.

आकडे असे आहेत. ज्याला विश्वासघात म्हटलं गेलं त्या २००८च्या चित्रपटाने सुमारे १८.५ कोटी डॉलर खर्चून जगभरात ७८ कोटींहून अधिक कमावले. ‘द डार्क नाइट’च्या खालोखाल त्या वर्षीची ही सर्वांत मोठी कमाई. आणि रुसलेल्या चाहत्यांची समजूत काढायला निघालेल्या २०२३च्या चित्रपटावर ३० कोटींच्या आसपास खर्च झाला, आले सुमारे ३८ कोटी, आणि त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा.

आता २००८चा चित्रपट ज्यांनी दहाव्या-बाराव्या वर्षी पाहिला ती पोरं मोठी झाली आहेत. त्यांच्या लेखी मट वेलीला लोंबकळतो यात काहीच वावगं नाही. विश्वासघात झाला तो २०२३ मध्ये, मटला मारलं तेव्हा, असं ती ठासून सांगतात.