पानाचा आकडा आणि जागेची खूण

(लेखक, अनुवादक आणि संशोधक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी प्रबंध, गावांचे इतिहास, स्मरणिका, आत्मचरित्रं असल्या लांबलचक फायली नीट लावून देते. पुष्कळदा लेखक शेजारी बसलेले असतात. अशा वेळी माझं लक्ष पडद्याकडे कमी आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाकडे जास्त असतं. ते बोट माउसच्या चाकावर असतं. "ते सासवडच्या बाजाराचं लिहिलंय ना, तिथे जरा जाऊ," असं म्हटलं की चाक गरगरायला लागतं. वर, खाली, परत वर. "इथंच कुठंतरी होतं हो." वाटेत भलताच परिच्छेद दिसतो, त्यातली एक वेलांटी चुकलेली असते, ती दुरुस्त होते, मग शेजारचं वाक्यही जरा बरं करावंसं वाटतं. सासवडचा बाजार राहिला बाजूला.

अर्धा मिनिट गेला याचं मला काही वाटत नाही. आपण बाजाराबद्दल काय लिहिणार होतो ते गेलं, त्याचं वाटतं.

म्हणून आज मी खुणांबद्दल बोलणार आहे. वर्डमध्ये त्यांना बुकमार्क म्हणतात. पण त्याआधी पानाबद्दल थोडं, कारण सगळा घोटाळा पानापासून सुरू होतो.

छापील पुस्तकाच्या सवयीने आपण "पान २१७ पाहा" असं लिहून मोकळे होतो. पुस्तकात ते बरोबरच आहे, तिथे २१७वं पान कायमचं तिथेच असतं. वर्डच्या फायलीत मात्र पान अशी वस्तू साठवलेलीच नसते. फायलीत असतो सलग मजकूर आणि त्याच्या मांडणीच्या सूचना. पान कुठे तुटायचं हे प्रत्येक संगणक आपल्याकडचे फॉन्ट, कागदाचा आकार, समास बघून ठरवत असतो. तुम्ही कोकिळा फॉन्टमध्ये लिहिलंत. माझ्याकडे कोकिळा नसला, तर माझा संगणक त्या जागी दुसरा एखादा देवनागरी फॉन्ट लावणार. तो मंगल असला तर बघायलाच नको, त्याची ओळ उंच असते. मजकुराचा एक काना बदललेला नाही आणि पानं मात्र भराभर वाढलेली. मग फोनवर संवाद सुरू होतो. "ताई, पान ८८ बघा." "बघते आहे. इथे तर तुमच्या आजोबांचं लग्न आहे." "नाही हो, दुष्काळ पाहिजे!"

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे चांगलं कळत होतं. ज्ञानेश्वरीतला संदर्भ कुणी पानाच्या आकड्याने देत नाही. अध्याय सांगतात, ओवी सांगतात. मग तुमच्या हातात खिशात मावणारी प्रत असो की पारायणाची मोठ्या टाइपाची, बोट तिथेच पडतं. पाठभेदामुळे ओवी एखाददोन आकड्यांनी इकडेतिकडे होईल, तेवढंच. उलट तुकारामांच्या गाथेत काय होतं ते इथल्या संशोधकांना विचारा. अभंगांचे क्रमांक आवृत्तीप्रमाणे बदलतात, त्यामुळे नुसता क्रमांक देऊन भागत नाही, आवृत्तीही सांगावी लागते, आणि शहाणा माणूस अभंगाचा पहिला चरणही देऊन ठेवतो. पहिला चरण म्हणजे त्या अभंगाचं नावच की. आकडा हलतो, नाव हलत नाही.

बुकमार्क म्हणजे मजकुरातल्या जागेला दिलेलं नाव. तिच्या आधी चाळीस पानं घाला, फॉन्ट बदला, अख्खं प्रकरण उचलून शेवटी न्या. नाव त्या जागेबरोबर चालतं.

पाहा, पडद्यावर करून दाखवते. कर्सर दुष्काळाच्या परिच्छेदात ठेवला. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ५ एकदम दाबलं. एक छोटी चौकट आली, तिच्यात नाव लिहिलं, एंटर. झालं. परत यायचं असेल तेव्हा तीच चौकट उघडायची, यादीतून नाव निवडायचं, 'गो टू' म्हणायचं. नुसतं एफ५ किंवा कंट्रोल+जी दाबलं तरी जाता येतं. तिथे डाव्या यादीत पान, विभाग, तळटीप यांच्या जोडीला बुकमार्कही असतो.

नावाचे थोडे नखरे आहेत. सुरुवात अक्षराने हवी, मध्ये मोकळी जागा चालत नाही, आणि लांबी जास्तीत जास्त ४० अक्षरं. मोकळी जागा टाकलीत तर 'ॲड'चं बटण फिकं होऊन बसतं आणि माणूस म्हणतो, वर्ड बिघडलं. दोन शब्द जोडायला खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोअर, वापरा. तो नावाच्या मध्ये ठेवा, सुरुवातीला नको. अंडरस्कोअरने सुरू होणारी नावं वर्ड स्वतःच्या कामासाठी ठेवतं. तुमची अनुक्रमणिका आतून असल्याच लपलेल्या खुणांवर उभी असते. मी स्वतः नावं रोमन अक्षरांत देते, कारण फाइल कुठल्या संगणकावर जाईल सांगता येत नाही. आणि नावाच्या सुरुवातीला कामाचा प्रकार लावते. 'शंका' म्हणजे लेखकाला विचारायचं, 'तपास' म्हणजे मूळ कागद बघायचा, 'फोटो' म्हणजे चित्र यायचंय. नावाप्रमाणे क्रम लावला की सगळ्या शंका एकाखाली एक येतात. लेखकाचा फोन आला की मी यादी उघडून बसते.

ही कल्पना नवी नाही बरं का. इथे काही पांढऱ्या केसांची मंडळी दिसतायत, तुम्ही वर्डस्टार हा लिहिण्याचा जुना प्रोग्रॅम शिकला असाल. आकडेमोडीचं लोटस आणि नोंदींचं डीबेस यांच्या जोडीला तेव्हा संगणकाच्या क्लासात तेच असायचं. १९७८ साली आलेला तो प्रोग्रॅम, आणि त्यात माउस नव्हताच. कंट्रोल+के आणि शून्य ते नऊपैकी एक आकडा दाबला की खूण बसायची, कंट्रोल+क्यू आणि तोच आकडा दाबला की तिथे उडी. फक्त दहा खुणा, पण लोक त्यांवर कादंबऱ्या लिहीत होते. माउस आला आणि आपल्या बोटांची ती सवय गेली.

आता बुकमार्कचा खरा उपयोग. "पान २१७ पाहा" यातला २१७ हाताने टाइप करू नका. ज्या परिच्छेदाकडे बोट दाखवायचं आहे त्याला आधी बुकमार्क द्या. मग जिथे "पाहा" लिहायचंय तिथे या, 'रेफरन्सेस'मध्ये 'क्रॉस-रेफरन्स' उघडा, प्रकार 'बुकमार्क' निवडा आणि काय घालायचं ते 'पेज नंबर' सांगा. आता तिथे जो आकडा दिसतो तो तुम्ही लिहिलेला नाही, वर्डने मोजलेला आहे. पानं सरकली की कंट्रोल+ए करून सगळं निवडा, एफ९ दाबा, मुख्य मजकुरातले सगळे आकडे पुन्हा मोजले जातात. प्रबंध लिहिणाऱ्यांनी आज दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, हे ठेवा.

आणि माझी फजितीही ऐका. एका प्रबंधात मी असे साठ-सत्तर संदर्भ लावले होते. शेवटच्या रात्री प्रबंध लिहिणाऱ्या बाईंनी एक परिच्छेद काढून टाकला आणि तोच नवा लिहिला. जुन्या परिच्छेदाबरोबर त्यातला बुकमार्कही गेला. पडद्यावर काहीच दिसलं नाही, जुना आकडा तसाच होता. पण छापण्याआधी असे आकडे ताजे करायची एक सोय वर्डमध्ये असते आणि माझ्याकडे ती चालू होती. त्यामुळे चूक पडद्यावर न येता थेट कागदावर आली. शुद्ध मराठी वाक्य, आणि मधोमध ठळक इंग्रजीत 'एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड'. तीन प्रती बांधून झाल्या होत्या. तेव्हापासून छापण्याआधी मी कंट्रोल+ए, एफ९ करते आणि मग फायलीत 'एरर' हा शब्द शोधते. आणि ऑप्शन्सच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात 'शो बुकमार्क्स' चालू ठेवते. मग बुकमार्क केलेल्या मजकुराभोवती करड्या रंगाचे चौकोनी कंस दिसतात. कंसाच्या आतलं खोडायचं असेल तर आधी नवं वाक्य कंसाच्या आतच लिहायचं, मग जुनं काढायचं. खूण वाचते.

दुसरी एक खोडी: आधीच असलेलं नाव पुन्हा दिलंत तर वर्ड तक्रार करत नाही. जुन्या जागेवरची खूण गुपचूप उचलून नव्या जागेवर ठेवतं. बेसावध माणसाला हा सापळा आहे, पण मी त्याचाच फायदा घेते. 'इथे' नावाचा एकच बुकमार्क ठेवते आणि रोज संध्याकाळी उठताना जिथे थांबले तिथे तो पुन्हा टाकते. पोथीतलं मोरपीस जसं रोज पुढच्या पानावर सरकतं, तसं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, कंट्रोल+एफ करून शब्द शोधला की झालं. शोध मीही दिवसभर वापरते. पण मराठीत शोध फसवतो, आणि तो का फसवतो ते समजून घ्या. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला तो आडवा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या र्‌नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तेच. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देत, आणि काहींचे कळफलक अजूनही तेच देतात. म्हणजे फायलीत 'ॲलोपॅथी' आठ वेळा असेल आणि शोधल्यावर पाचदाच सापडेल. उरलेले तीन कोणत्या कळफलकावरून आले ते शोधत बसा. त्यात जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर मध्येच चिकटवला असेल तर तो आतून मराठी नसतोच, तिथे आपल्या अक्षरांचा वेश घेतलेली रोमन अक्षरं बसलेली असतात. बुकमार्कला यातलं काही आडवं येत नाही. तो शब्द वाचतच नाही.

कळांचं आता थोडक्यात सांगते, कारण त्या सांगून येत नाहीत, बोटांनी शिकायच्या असतात. कंट्रोल धरून डावा-उजवा बाण म्हणजे एकेक शब्द, वर-खाली बाण म्हणजे एकेक परिच्छेद. कंट्रोल+होम फायलीच्या डोक्याशी, कंट्रोल+एंड शेवटाशी. शिफ्ट+एफ५ ही माझी सगळ्यात लाडकी कळ. मजकुरात तुम्ही शेवटचा बदल जिथे केला तिथे ती परत नेते, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीच्या जागी. तळटीप बघायला गेलात आणि हरवलात, तर चाक फिरवू नका, ही दाबा. आणि एफ८ दाबून पूर्णविराम टाइप करा. कर्सरपासून त्या पूर्णविरामापर्यंतचा मजकूर निवडला जातो. सुटायचं असेल तर एस्केप.

एक गंमत बघा. 'लक्ष्मी' शब्दाच्या सुरुवातीला कर्सर ठेवला आणि डिलीट दाबलं. ल गेला. पुन्हा दाबलं, 'क्ष्मी' एका फटक्यात गेलं. आता शब्द परत आणते आणि शेवटाकडून बॅकस्पेस दाबते: वेलांटी गेली, म गेला, हलन्त गेला, ष गेला… मोजा, सात वेळा. डिलीट अख्खं अक्षर खातं, बॅकस्पेस एकेक घास घेतं. ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं असेल तर वेलांटीच्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेसच बरं.

एफ५बद्दल सावध करते. लिबरऑफिस या वर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती नॅव्हिगेटर उघडते, तो तर वर्डपेक्षा छान आहे, खुणा, मथळे, तक्ते सगळं एका यादीत. पण गूगल डॉक्स ब्राउझरमध्ये असतं, आणि तिथे एफ५ म्हणजे पान पुन्हा लोड. बरेच लॅपटॉप एफ५ दाबलं की दिव्याचा उजेड नाहीतर आवाज कमी-जास्त करतात, तिथे जोडीला 'एफएन'ची कळ धरावी लागते.

माझ्याकडे काही महिने एक मुलगी शिकायला यायची. तिला दिसत नाही. ती एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर वापरते, तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. तिच्या टेबलावर माउस नव्हताच. मी मथळे नुसते ठळक आणि मोठे करून ठेवायचे, 'हा मथळा आहे' असं वर्डला सांगणारी हेडिंगची शैली लावायचे नाही. दिसायला मथळाच. ती म्हणाली, "ताई, या फायलीत एकही प्रकरण नाही." तिच्या दृष्टीने खरंच नव्हतं. स्क्रीनरीडरमध्ये 'एच' दाबून ती मथळ्यावरून मथळ्यावर जाते आणि माझ्या फायलीत 'एच'ला थांबायला जागाच नव्हती. आता कंट्रोल+ऑल्ट+१ ने प्रकरण, कंट्रोल+ऑल्ट+२ ने उपप्रकरण, हे मी लिहितानाच करते. डाव्या बाजूला नॅव्हिगेशनच्या पट्टीत सगळी प्रकरणं ओळीने येतात, एखादं धरून वर-खाली ओढलं की आतल्या मजकुरासकट हलतं. बुकमार्क प्रत्येक मथळ्याला द्यायची गरज नाही. मथळ्याला शैली पुरते. बुकमार्क मथळा नसलेल्या जागांसाठी.

मघाशी एका सरांनी चिठ्ठी पाठवलीय: फाइलची पीडीएफ केली की या खुणा राहतात का? राहतात, पण सांगावं लागतं. वर्डमधून पीडीएफ जतन करताना 'ऑप्शन्स'मध्ये विचारतात, खुणा मथळ्यांवरून करायच्या की वर्डच्या बुकमार्कवरून. मथळे निवडा. बुकमार्क निवडलेत तर तुमच्या खाजगी नावांची अख्खी यादी वाचणाऱ्याच्या पडद्यावर डाव्या बाजूला उघडते. एकदा मी चुकून तेच केलं होतं. लेखक वयाने मोठे, फार आदरणीय गृहस्थ. यादीत तिसऱ्या ओळीवर माझं नाव होतं, 'हे_कुठून_उचललं'. सुदैवाने पाठवण्याआधी फाइल मीच एकदा उघडून पाहिली.