पंप चालू झाला की जमिनीखालचे जिवाणू काय करतात?

नमस्कार. भूजलाचा उपसा म्हटला की पाण्याची पातळी किती खाली गेली आणि बोअर किती फुटांपर्यंत न्यावी लागली, यापलीकडे आपली चर्चा सहसा जात नाही. परंतु ज्या वाळूतून हे पाणी झिरपते, तिच्या कणाकणांवर जिवाणूंची वस्ती असते आणि उपशामुळे पाण्याची वाट बदलली की त्या वस्तीचा आहारही बदलतो. हे व्हिएतनाममधील वान फुक या गावात फार स्पष्ट दिसते.

हनोईच्या आग्नेयेस सुमारे 10 किलोमीटरवर, लाल नदीच्या काठी हे गाव आहे. त्याच्या पश्चिम भागाखाली जुनी, नारिंगी वाळू आहे, तर पूर्वेकडे तुलनेने अलीकडची, करडी वाळू आहे. रंगातला हा फरक महत्त्वाचा आहे. नारिंगी कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच, लेप असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटून राहते. करड्या थरात मात्र सेंद्रिय द्रव्य मुबलक असून प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे जिओबॅक्टरसारखे जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी हाच गंज वापरतात; लेप विरघळतो आणि त्यावरचे आर्सेनिक पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. या बाजूच्या पाण्यात ती कितीतरी पटींनी ओलांडली जाते.

एके काळी येथील भूजल नदीकडे वाहत असे. हनोईचा उपसा वाढत गेला तसा प्रवाह उलटून शहराकडे वळला आणि करड्या थरातील पाणी आपल्यासोबत सेंद्रिय कार्बन घेऊन नारिंगी वाळूत शिरू लागले. पंपाने जिवाणू ओढून आणले, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही, कारण बहुतेक जिवाणू कणांना चिकटलेलेच असतात. बदलते ते त्यांच्यापर्यंत पोहोचणारे अन्न. दोन थरांच्या सीमेवर नारिंगी वाळू करडी पडत जाते, ती त्यामुळेच.

2013 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, सुमारे 50 वर्षांत पाणी 2 किलोमीटरहून अधिक पुढे सरकले, पण आर्सेनिक साधारण 120 मीटरच. वाळूचे कण ते वाटेत पुन्हा पुन्हा धरून ठेवतात. हा वेग दिलासा देणारा असला, तरी सीमेलगतच्या विहिरीचे पाणी एकदा तपासून निर्धोक ठरवले की झाले, असे म्हणता येत नाही; पंप चालू आहेत तोवर ती तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते.