मतपत्रिकेवरचा प्रस्ताव आणि राज्याची तिजोरी

नमस्कार, श्रोतेहो. कॅलिफोर्नियात नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांबरोबरच राज्यभराचे प्रस्तावही मतपत्रिकेवर असतात. तिथे त्यांना ‘प्रपोझिशन’ म्हणतात. बे एरियात किंवा लॉस एंजेलिसकडे स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही त्यावर मत द्यायचं असतं. नागरिकत्व नसलं, पण घर घेतलेलं असलं, तरी या प्रस्तावांचा हिशेब कराच्या बिलातून घरी येतोच. आज या प्रस्तावांची पैशाची बाजू पाहू.

नागरिकांनी मांडलेला प्रस्ताव मतपत्रिकेवर यायला मतदारांच्या सह्या लागतात. त्या गोळा करण्याआधीच प्रस्तावाचा मसुदा अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे जातो. राज्याचा वित्त विभाग आणि लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्टचं कार्यालय मिळून त्याचा आर्थिक अंदाज 50 दिवसांत तयार करतात. हे कार्यालय 1941 पासून विधिमंडळासाठी काम करतं आणि कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही. पुढे मतदारांच्या पुस्तिकेतलं सविस्तर विश्लेषणही तेच लिहितं. मतपत्रिकेवर मात्र प्रस्तावाचा सारांश आणि आर्थिक परिणाम मिळून 75 शब्दांत बसवावे लागतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की मतपत्रिकेवरच्या ओळींवर थांबू नका, पुस्तिकेतलं विश्लेषण वाचा.

सगळ्यात सोपे दिसतात ते कर्जरोख्यांचे प्रस्ताव, आणि गैरसमजही त्यांच्याबाबतच जास्त. 2008 च्या प्रपोझिशन 1-अ मध्ये मुख्यतः वेगवान रेल्वेसाठी 9.95 अब्ज डॉलरच्या रोख्यांना मंजुरी मागितली होती. विश्लेषणातला हिशेब असा होता: 30 वर्षं फेड, 9.5 अब्ज व्याज, एकूण साधारण 19.4 अब्ज, म्हणजे वर्षाला सुमारे 64.7 कोटी डॉलर. रेल्वे बांधून झाल्यावर ती चालवायला वर्षाला बहुधा एक अब्जाहून जास्त खर्च येईल, तो वेगळा, असंही त्यात स्पष्ट म्हटलं होतं. या आकड्यांत पूर्ण रेल्वेमार्गाची किंमत धरलेली नव्हती. रोखे हा तिचा एक हिस्सा होता. 2024 च्या प्रपोझिशन 4 मध्ये पाणी, वणवे आणि हवामानाशी निगडित कामांसाठी 10 अब्जांचे रोखे होते. त्यांची फेड वर्षाला 40 कोटी, 40 वर्षं, म्हणजे 16 अब्ज. तरीही 16 आणि 10 यांची थेट तुलना करू नका, कारण चाळीस वर्षांनंतरच्या डॉलरची किंमत आजच्याइतकी नसेल.

“या रोख्यांमुळे कर वाढणार नाही” असं प्रचारात ऐकू येतं. नवा कर लागत नाही, हे खरं. पण राज्याच्या सर्वसाधारण रोख्यांचा हप्ता जनरल फंडातून जातो. याच निधीतून शाळा, तुरुंग, आरोग्य योजना चालतात. हप्ता चुकवता येत नाही, त्यामुळे मंदीच्या वर्षी कात्री लागते ती बाकीच्या खर्चांना.

खरा खोल परिणाम पाहायचा तर 1978 च्या प्रपोझिशन 13 कडे जावं लागतं. त्या वर्षी 6 जूनला जवळपास 65 टक्के मतांनी तो मंजूर झाला. मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर आला, मूल्यांकन 1975 च्या पातळीवर नेलं गेलं, आणि घर विकलं जाईपर्यंत ते वर्षाला फार तर दोन टक्के वाढू शकतं. समजा, 1978 मध्ये एक लाख डॉलरला घेतलेलं घर आहे. 45 वर्षं दरवर्षी दोन टक्के वाढ धरली, तरी करासाठी त्याची किंमत 2 लाख 44 हजारांच्या आसपास भरते आणि मूळ कर सुमारे 2,440 डॉलर होतो. शेजारचं तसंच घर कोणी आज दहा लाखांना घेतलं, तर त्याला दहा हजार भरावे लागतात. रस्ता तोच, शाळा तीच, अग्निशमन दलही तेच.

या प्रस्तावाने मालमत्ता कराचं उत्पन्न एका झटक्यात निम्म्याहून खाली आलं. राज्याकडे तेव्हा मोठी शिल्लक होती, ती काऊंटी, शहरं आणि शाळांना सावरायला वापरली. पण एक टक्क्याचा कर कोणी कसा वाटून घ्यायचा, हे ठरवायचं काम राज्याकडे गेलं. 1979 च्या कायद्याने सत्तरच्या दशकातले वाटे आधार धरले, आणि आजचं वाटप मुख्यतः त्यावरच उभं आहे. ज्या शहराचा वाटा तेव्हा कमी होता, त्याच्या पदरात नव्या घरांमधून थोडंच पडतं. म्हणून अशी शहरं घरांपेक्षा विक्रीकर देणारी मोठी दुकानं आणायला उत्सुक असतात. कर कमी करायला निघालेल्या प्रस्तावाने शहरांची रचना अशी वळवली, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला परिणाम आहे.

प्रस्ताव एकमेकांत अडकतात, तेही ध्यानात ठेवायला हवं. 1988 च्या प्रपोझिशन 98 ने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांसाठी किमान रक्कम ठरवून दिली. ती बहुतेक वर्षी जनरल फंडाच्या 40 टक्क्यांच्या आसपास जाते. त्यामुळे 2012 च्या प्रपोझिशन 30 ने आयकर आणि विक्रीकर तात्पुरते वाढवून सुरुवातीच्या वर्षांत सरासरी सहा अब्ज डॉलर आणण्याचा अंदाज होता, तेव्हा त्यातली मोठी रक्कम आपोआप शिक्षणाकडे जाणार होती. तो पैसा मुख्यतः सर्वाधिक उत्पन्न असणाऱ्यांच्या आयकरातून येतो. त्यांचं उत्पन्न शेअर बाजारावर हलतं, म्हणून अंदाजात ‘सरासरी’ दिसली की तेजीच्या आणि मंदीच्या वर्षांत काय होईल हे विचारा. 2016 च्या प्रपोझिशन 55 ने या वरच्या आयकर दरांची मुदत 2030 पर्यंत वाढवली. विक्रीकराची छोटी वाढ मात्र संपू दिली. मुदतवाढीचा पुढचा प्रस्ताव आला, तर त्याच्या विश्लेषणात तीन गोष्टी शोधा: किती वर्षं, पैसा कोणत्या खात्यात, आणि त्यातला किती भाग प्रपोझिशन 98 मुळे आधीच बांधला गेलेला आहे.