हात ठेवण्याआधी विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूर, बेळगाव, चिकोडी, निपाणी या आपल्या पट्ट्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून टिकून आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक माहेरी येते आणि तिच्यामागोमाग गोष्टी येतात. कुणी सांगतं, 'माझी तिसऱ्या दिवशी सुटका झाली.' कुणी म्हणतं, 'बाईचा तो पुनर्जन्मच असतो बघ.' बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण ऐकणारी पोर रात्री छताकडे बघत पडून राहते. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे. पहिल्या बाळंतपणाचा धसका घेतल्यामुळे दुसऱ्याचं नाव काढलं तरी जिच्या हाताला घाम सुटतो, तिच्याबद्दलही.

अशा भीतीवर हल्ली ऊर्जा-उपचार सुचवले जातात. त्यातला सगळ्यात माहितीचा म्हणजे रेकी. जपानमधल्या मिकाओ उसुई यांनी 1922 च्या सुमारास ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. त्यात शरीरावर किंवा शरीरापासून थोड्या अंतरावर शांतपणे तळहात ठेवतात. चोळणं नाही, दाबणं नाही. हातांतून ऊर्जा वाहते, अशी करणाऱ्यांची श्रद्धा असते. ती ऊर्जा यंत्राने मोजता आलेली नाही आणि रेकीमुळे बाळंतपण सुरक्षित होतं असाही पुरावा नाही. हे आधीच सांगतो, कारण याच ठिकाणी बायकांची फसवणूक होते. मात्र ओळखीचा ऊबदार हात, सावकाश श्वास आणि निवांत अर्धा तास यांनी घाबरलेलं शरीर सैल पडतं, हे खरं आहे.

त्याचं कारण साधं आहे. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, जबडा आणि मांड्या आवळल्या जातात. कळा यायला ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक लागतं. बाई फार घाबरली की कळा मंदावू शकतात. शिवाय आवळलेल्या अंगाला कळ जास्त लागते, जास्त लागली की भीती आणखी वाढते. हे चक्र मोडायला सावकाश सोडलेला श्वास कामी येतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाचा ठोका हळूहळू खाली येतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते बघू. सातव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा, 20 ते 25 मिनिटं पुरे. जेवण झाल्यावर निदान तासभर जाऊ द्या. मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवा. उदबत्ती लावू नका, गरोदरपणात वासाने मळमळतं. तिला डाव्या कुशीवर झोपवा, पाठीमागे घडी घातलेली वाकळ लावा आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्या. या महिन्यांत पाठीवर उताणं झोपवायचं नाही. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, मग तिला गरगरतं आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं.

हात ठेवणारी व्यक्ती तिने निवडायची. आई असेल, वैनी असेल, नवरा असेल. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, एकमेकांवर घासून गरम करा. गार किंवा घामट हात लागला की अंग दचकतं आणि पुढची दहा मिनिटं फुकट जातात. मग विचारा, 'खांद्यावर हात ठेवू का?' ती हो म्हणाली तरच ठेवा. आमच्या मते सगळ्या उपचाराचं मर्म या प्रश्नात आहे. बाळंतपणात मनाला बसलेले बरेचसे घाव न विचारता झालेल्या गोष्टींचे असतात. न सांगता केलेली तपासणी, न विचारता दिलेला टाका, 'गप पड' म्हणून दाबलेला खांदा. त्या अंगाला पुन्हा न विचारता हात लावला तर उपचार राहिला बाजूला, जुनी जखमच उघडते.

आधी खांदा, मग दोन खवाट्यांच्या मधली जागा, मग कंबरेखालचं, माकडहाडाच्या वरचं सपाट हाड, शेवटी पाऊल. प्रत्येक जागी तीन-चार मिनिटं. पोटावर हात ठेवायचा तर तिचा स्वतःचा तळहात खाली आणि तुमचा वर. वजन अजिबात टाकायचं नाही. तिने मनात चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. आकडे जड जात असतील तर तीन आणि चार. घाईने खोल खोल श्वास घेतले तर बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तसं झालं की मोजणं सोडून द्यायचं आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा. हात ठेवणाऱ्याने तोंड बंद ठेवावं. 'आता बरं वाटतंय ना?' असं दर दोन मिनिटांनी विचारलं की तिला उत्तरासाठी बरं वाटून घ्यावं लागतं.

कधी कधी मध्येच रडू येतं. रडू द्या. पण ती थरथरायला लागली, नजर एका जागी खिळली, मागचं बाळंतपण आत्ता घडतंय असं बोलू लागली, तर हात लगेच काढा. तिला उठवून बसवा, पायांचे तळवे गार फरशीवर टेकवा, डोळे उघडे ठेवायला सांगा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं तिच्याकडून घ्या: कळशी, खिडकी, दिनदर्शिका, जे दिसेल ते. 'सगळं बाहेर पडू दे' म्हणून तिला त्या आठवणीत आणखी ढकलणारे उपचार करणारे असतात. त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

कळा सुरू झाल्यावर हाच हात वेगळं काम करतो. आता नुसता ठेवून भागत नाही. कळ चढताना मनगटाजवळचा तळहाताचा भाग माकडहाडाच्या वरच्या त्याच सपाट हाडावर टेकवून घट्ट दाबून धरायचा आणि कळ उतरली की सैल सोडायचा. किती जोर लावायचा ते तीच सांगेल. ऐन भरात आलेली कळ साधारण मिनिटभर टिकते, म्हणजे पाच-सहा सावकाश श्वास. सरकारी दवाखान्यांसाठी 2017 पासून केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम आहे. प्रसूतीच्या वेळी बाईच्या पसंतीची सोबत असावी, असं त्यात धरलेलं आहे. आठव्या महिन्यातच आशाताईंना विचारून दवाखान्यात तशी सोय आहे का, हे बघून ठेवा.

बाळंतपणानंतर शेक, धुरी, काढा यांत सगळं घर गुंतलेलं असतं. बाळंतिणीच्या मनाकडे बघायला कुणाला सवड नसते. 'बाळ धडधाकट आहे ना, मग रडतेस कशाला?' या वाक्याने कितीतरी बायका गप्प बसल्या आहेत. महिना उलटूनही तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, दवाखान्याच्या रस्त्यानेही जायला नको वाटत असेल, तर हात ठेवून भागणार नाही. मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर त्या बाईला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सिझेरियनच्या टाक्यांवर हात ठेवू नका, वीतभर वर धरा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. अंगावरून जास्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, ताप, गरोदरपणी पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर रेकी नाही, अंगारा नाही, 108 ला फोन. कणकुंबी-जांबोटीकडच्या वाड्यांनी पावसाळ्यात गाडीची सोय आधीच बोलून ठेवावी. आणि जो उपचारवाला लोहाच्या गोळ्या बंद करा म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

एक शेवटची गोष्ट, खास आपल्या सीमाभागासाठी. मराठी घरातली पोर प्रसूतीच्या खोलीत जाते तेव्हा आजूबाजूचं बोलणं कन्नडमध्ये चाललेलं असतं आणि न कळणाऱ्या शब्दांनी भीती दुप्पट होते. चार शब्द आधी शिकवून ठेवा. 'अंजब्याडा' म्हणजे घाबरू नको. 'उसिरु तगोळ्री' म्हणजे श्वास घ्या. 'मुक्कु' म्हणजे जोर कर. आणि तिच्या ताई कार्डाला, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीच्या सरकारी कार्डाला, एक चिठ्ठी टाचून द्या, एका ओळीत मराठी, खाली कन्नड. मराठीत लिहा, 'हात लावण्याआधी मला सांगा.' कन्नडमध्ये, 'मुट्टुव मोदलु हेळ्री.'