गाणं कुठलं, यंत्र कुठलं

(दृश्य: चवथीच्या आरतीचं मोबाइलवरचं चित्रण. आधी काळा पडदा, नुसता आवाज.)

मातीचा घुमट, काठ्यांनी वाजवायचा शामेळ, झांजांसारखी कासाळें. गोव्यात फोंडा असो, डिचोली असो, पेडणे असो, चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आरतीचा मेळ हाच. आता नीट ऐका. कासाळ्यांचा ठोका पडला की गाणाऱ्यांचा आवाज खाली बसतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत हळूहळू वर येतो. पुन्हा ठोका, पुन्हा बसला. गाणारे तसं गात नाहीत, हे फोन करतोय. मोठा आवाज आला की फोन आपली पातळी आपणच उतरवतो आणि शांत झालं की चढवतो. बोलण्यासाठी ही सोय ठीक आहे, आरतीत मात्र ती सगळा तोल बिघडवते. एवढं ऐकून ‘मेळ कच्चा आहे’ म्हणणाऱ्यानं मेळ ऐकलेलाच नसतो.

कंपनीचे पैसे न घेता गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी स्वतः काढलेलं गोव्यातलं संगीत आपल्यापर्यंत बहुतेक असंच पोचतं. फोनवर, घरी भरलेल्या कॅसेटवर, पदरमोड करून काढलेल्या सीडीवर. आवड-नावड ठरवायच्या आधी ऐकणाऱ्याला एक काम करावं लागतं. कानावर पडतंय त्यात गाणं किती आणि यंत्र किती, हे वेगळं काढायचं.

(दृश्य: घुमट, जवळून. आधी मागचं तोंड.)

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड उघडं. एका हाताची बोटं चामड्यावर पडतात, दुसरा हात मागचं तोंड झाकतो, उघडतो. थापेचा टणका पुढून निघतो आणि आतल्या हवेचा खोल घुमारा मागून. मागचा हात जितकं तोंड झाकेल तितका घुमारा खाली उतरतो. वादकाची खरी करामत त्या मागच्या हातात आहे, आणि फोन समोर धरला की नेमकी तीच हरवते. शिवाय फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे स्वर बाहेरच पडत नाहीत. अशी ध्वनिफीत हेडफोनवर ऐकावी, मग वादकाबद्दल बोलावं.

स्वतः मुद्रण करणार असाल तर फोन कासाळ्यांपासून तीन-चार मीटर लांब ठेवा. उंची छातीएवढी. जागा घुमटाच्या समोर नको, बाजूला हवी, म्हणजे दोन्ही तोंडं मायक्रोफोनपासून साधारण सारख्या अंतरावर येतात. कॅमेऱ्याचं ॲप वापरू नका. पातळी हातानं ठरवता येईल असं ध्वनिमुद्रणाचं ॲप घ्या आणि फाइल वॅव्ह, म्हणजे न दाबलेली, ठेवा. सगळ्यात जोराचा ठोका ॲपच्या मापकावर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या; शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो. पंखा बंद. एकदा सुरू झालं की पातळीला हात लावायचा नाही. आरती चढत जाते, लय वाढते, सगळेच जोर लावतात. सुरुवातीला बारीक येतंय म्हणून वाढवलेली पातळी शेवटच्या आरतीला फाटते, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरनं पूर्ववत होत नाही.

जुनी आणि नवी मुद्रणं शेजारी ठेवून ‘पूर्वीचा घुमट काय वाजायचा’ असं म्हणणारे पुष्कळ. त्यात चामड्याचा वाटा मोठा आहे. पूर्वी घोरपडीचं चामडं चढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपड संरक्षित आहे, आणि आता बकरीचं चामडं वापरतात. २०१९ साली घुमट राज्याचं वारसा वाद्य ठरलं तेव्हाही प्रश्न चामड्याचा होताच. बकरीचं चामडं दमट हवेत सैल पडतं, आणि चवथ येते ऐन पावसाळ्यात. ऊब देऊन ताणलेला घुमट आणि तसाच उचललेला घुमट यांच्या नादात जो फरक पडतो, त्याचं खापर वादकावर फोडू नये.

नव्या गाण्यांत घुमट हल्ली बराच ऐकू येतो. त्यातला पुष्कळसा तयार तुकडा असतो, संगणकावर पुन्हा पुन्हा लावलेला. ओळखणं सोपं आहे. चार आवर्तनं ऐका. मागच्या हाताची उघडझाप दर वेळी तंतोतंत तीच असेल तर वादक तिथं नाही. माणसाचा हात दोनदा तसाच पडत नाही. आमच्या मते अशा गाण्यात घुमटाचा उपयोग एवढाच, की हे गोव्याचं आहे म्हणून सांगता यावं. त्यापेक्षा नुसती गिटार बरी.

(दृश्य: कॅसेटांनी भरलेलं कपाट.)

घरी बसून संगीत काढायची वाट गोव्यात नवी नाही. १९८४ साली गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम स्वतः मुद्रित केला, आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. अशा यंत्रावर काम कसं चालतं ते माहीत असलं की त्या काळातली घरगुती मुद्रणं वेगळी ऐकू येतात. ट्रॅक, म्हणजे टेपवरचे स्वतंत्र पट्टे, चारच. पाचवं वाद्य हवं असेल तर भरलेले तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, मग ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. दर उतरवणीत तलम स्वर थोडे झिजतात आणि टेपची सरसर वाढते. म्हणून अशा गाण्यांत ताल आणि बेस गिटार जरा मळकट वाटतात आणि गळा लख्ख. ताल आधी भरलेला असतो, गळा शेवटी.

तियात्राच्या, म्हणजे कोकणी रंगभूमीच्या, कांतारांच्या (गाण्यांच्या) कॅसेटी आणि नंतरच्या सीडी हा याहून कितीतरी मोठा साठा. देवनागरी वाचणारा श्रोता तिकडे फारसा फिरकत नाही, कारण वेष्टनावरची अक्षरं रोमी, म्हणजे रोमन लिपीतली. आपलंच नुकसान. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम यांचा ताफा आणि त्यावर राजकारण्यांना नाव घेऊन टोचणारी कडवी, हे इतकं थेट दुसरीकडे क्वचितच सापडतं. इकडे मराठीत भजनी मंडळांच्या कॅसेटी आहेत. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं; असल्या बैठकीचं मुद्रण कुणाच्या घरी असेल तर ती चीज दुकानात मिळणारी नाही.

(दृश्य: उघडलेली कॅसेट, टेबलावर. इथून हातांचं काम जवळून.)

अशी कॅसेट हाती आली की लगेच लावायची नाही. आधी उजेडात धरून टेपच्या गुंडाळीकडे बघा. कडेला पांढुरकी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटला ती हमखास धरते. अशी कॅसेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घातली तर बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. ती बाजूला ठेवा, आधी बाकीच्या कॅसेटी करा.

मग पॅड. टेपच्या मागे, मधोमध, पितळी पट्टीवर फेल्टचा चौकोनी तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. गोंद सुकला की तो गळून पडतो, आणि आवाज दबका होतो, मधेच जातो, मधेच येतो. टेप खराब झाली असं समजून लोक अशी कॅसेट फेकून देतात. खरं तर टेप शाबूत असते. पाच स्क्रूची दुसरी चांगली कॅसेट उघडायची, तिच्या कवचात ही दोन रिळं ठेवायची, टेप दोन्ही कोपऱ्यांतल्या चाकांवरून घ्यायची, बंद करायची. कवच चिकटवलेलं असेल तर सांध्यावर पातळ पातं हलक्या हातानं फिरवून फोडावं लागतं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर टेप असते. ती रिळावरून सुटली तर संध्याकाळ गेलीच.

डेकचं हेड आणि कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणारा धातूचा दांडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीनं पुसा. काडीवर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत. टेप त्या दांड्यावर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला साबणाचं पाणी पुरतं. दहा मिनिटं वाळू द्या. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली गुंडाळी त्यानं मोकळी होते, नाहीतर चाल अडखळते.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो हेडचा तिरपा कोन ठरवतो. घरी किंवा छोट्या दुकानात भरलेल्या कॅसेटी वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या, प्रत्येकीचा कोन निराळा. कोन जुळला नाही की वरचे स्वर जातात आणि आपण म्हणतो मुद्रणच बोथट आहे. स्क्रूची मूळ जागा मार्करनं खुणवा, आवाज मोनो करा, कॅसेट चालू ठेवून बारीक स्क्रूड्रायव्हरनं किंचित इकडे, किंचित तिकडे. टाळांची किणकिण सर्वांत स्पष्ट होईल तिथं थांबा. काम झालं की स्क्रू खुणेवर परत. सरसर कमी करणाऱ्या डॉल्बीचं बटण डेकवर बंदच ठेवा, कॅसेटवर तसं छापलेलं असेल तरच चालू.

संगणकात घेताना डेकच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या डबीच्या, लाइन इनमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नव्हे. ते तारेवरचा एवढा मोठा सिग्नल पेलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मुद्रणाचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आत. तासाभराची स्टिरिओ फाइल साधारण एक जीबीची होते, फ्लॅक, म्हणजे काही न गमावता दाबलेली, केली की जवळपास निम्मी. ही मूळ फाइल जशीच्या तशी जपा, साफसफाई प्रतीवर करा.

वेग तपासायला भजनातली पेटी कामाला येते. डेकचा बेल्ट सैल झाला की गाणं मंदावतं आणि स्वर उतरतो. वेगात सहा टक्के फरक म्हणजे साधारण अर्धा स्वर, एक पट्टी. मुद्रणातला षड्ज आपल्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे लटकत असेल तर डेकवर संशय घ्या. पण निकाल देण्याआधी त्याच डेकवर दोन-तीन छापील कॅसेटी लावून बघा, कारण जुन्या पेट्याही सुरांत सरकलेल्या असतात.

सरसर घालवायचा मोह आवरा. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर सहा डेसिबलच्या पुढे ताणलं की कासाळ्यांची झंकार पाण्याखालून आल्यासारखी होते आणि गायकाचे स, श, च गिळले जातात. थोडी सरसर राहिलेली बरी. कान पाच मिनिटांत तिला सरावतो, गिळलेल्या व्यंजनांना मात्र सरावत नाही.

(दृश्य: हणजूणचा किनारा, दिवसा.)

किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतल्या ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताच्या घडणीतही यंत्राचा हात आहे. उन्हात विनाइलच्या तबकड्या वाकतात, म्हणून इथं डॅट टेपवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर, वाजवायची पद्धत पडली. डॅटवर दोन गाण्यांची लय हातानं जुळवता येत नाही, मग गाण्यांना लांबलचक, तालाविना सुरुवात आणि तसाच शेवट हवा. एक विरघळताना दुसरं सुरू होतं. ती लांबण आज हेडफोनवर कंटाळवाणी वाटते. वाटणारच. ती सांध्यासाठी होती.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर गाण्यांची यादी.)

नव्या गायकांची गाणी पारखताना स्ट्रीमिंगची एक खोड ध्यानात घ्या. स्पॉटिफाय सगळी गाणी उणे १४ एलयूएफएस (हे ऐकू येणाऱ्या जोराचं माप) या पातळीला आणून वाजवतं. जोरात वाजावं म्हणून उणे ८ पर्यंत दाबलेलं गाणं तिथं ६ डेसिबलनं खाली येतं. जोर गेला, दाबल्यानं आलेला सपाटपणा उरला. घरच्या घरी मिक्स करणाऱ्या मुलांकडून ही चूक सर्रास होते. कलाकार स्वतः गाणी विकतात त्या बँडकॅम्प या साइटवर फुकट ऐकायला मिळतं ते १२८ केबीपीएसचं, बरंच दाबलेलं एमपी३. विकत घेतलं की फ्लॅक मिळतं. फुकटच्या एमपी३वर ‘आवाज पातळ आहे’ असा शेरा मारू नये.

पैशांचं थोडक्यात. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवतं. स्पॉटिफायवर १२ महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला २०२४ पासून मुद्रणाचा मोबदलाच मिळत नाही, आणि गोव्यातल्या कोकणी-मराठी गायकाला हजार हा आकडा लहान नाही. बँडकॅम्पचे पैसे कलाकाराकडे जातात पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेमार्गे, आणि पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केलेत. म्हणून लिस्बनचा श्रोता म्हापशाच्या गायिकेचा अल्बम सहज घेतो, मडगावचा अडकतो. उपाय साधा आहे. कलाकाराला निरोप पाठवा, यूपीआयनं पैसे द्या, फाइल मागा. मागताना ‘फ्लॅक किंवा वॅव्ह’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर व्हॉट्सॲपवर दाबून निघालेली एमपी३ येते.

आणि कॅसेटवरून उतरवलेलं यूट्यूबवर चढवायची घाई नको. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९८४ ची कॅसेट ३१ डिसेंबर २०४४ पर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे, शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळाच. निर्मात्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा. नाव-पत्ता बहुतेक वेळा वेष्टनाच्या आतल्या बाजूला, घडीत, बारीक टायपात छापलेला असतो. तेव्हा वेष्टन स्कॅन कराल ते पूर्ण उघडून, दोन्ही बाजूंनी, ६०० डीपीआयवर. साथीदारांची नावंही तिथंच असतात. घुमट कुणी वाजवला, तेही.