आधी अस्तर, मग नक्षी

नमस्कार श्रोतेहो. पुण्याचा जुना बाजार वार पाहून भरतो, बुधवारी आणि रविवारी. जपानमधल्या क्योतो शहरात जुने किमोनो घ्यायचे तर तारीख पाहावी लागते. दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिराच्या आवारात आणि २५ तारखेला कितानो तेनमांगू या देवस्थानात बाजार बसतो. तोजीचा बाजार कोबो दाइशी या बौद्ध आचार्यांच्या पुण्यतिथीचा. ते ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला गेले. तेनमांगूचं दैवत म्हणजे सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान मंत्री, आणि त्याचा दिवस २५. मधे शनिवार-रविवार येवो न येवो, या तारखा हलत नाहीत. म्हणून सहल आखताना २० ते २६ क्योतोत राहता आलं तर दोन्ही बाजार पदरात पडतात. डिसेंबर आणि जानेवारी मात्र शक्यतो टाळा. वर्षअखेरीच्या आणि वर्षारंभाच्या बाजारात गर्दी इतकी असते की कपडा उलगडून पाहायला हात हलत नाही.

बाजार सकाळी लवकर सुरू होतो आणि दुपारी चारच्या सुमारास आवरायला लागतो. तोजी क्योतो स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. चांगला माल सकाळी दिसतो, भाव दुपारी उतरतो; दोन्ही एकदम मिळत नाही. पाऊस असेल तर कपडेवाले प्लास्टिक टाकून बसतात आणि त्याखालचं काही दिसत नाही. त्या दिवशी तेरामाची रस्त्याच्या आसपासच्या दुकानांत जाणं बरं. तिथे भाव चढा असतो, पण कपडा हँगरवर टांगलेला, मापाची चिठ्ठी लावलेली असतो.

इतके किमोनो येतात कुठून? दुसऱ्या महायुद्धात क्योतोवर मोठा बॉम्बवर्षाव झाला नाही, त्यामुळे जुनी घरं टिकली आणि घरांतली लाकडी कपाटंही. आता आजी गेली, घर विकलं, की कपाट रिकामं होतं. आपल्याकडे जरीची साडी बोहारणीकडे जाते, तिथे किमोनो व्यापाऱ्याकडे जातो. म्हणून पाचशे किंवा हजार येनाच्या ढिगातसुद्धा खरं रेशीम सापडतं. पण ते ढिगात का आलं, हे आधी शोधायचं.

ढिगात येण्याचं पहिलं कारण माप. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर लिहून घ्या. मानेच्या मागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंतच्या लांबीला जपानीत युकी म्हणतात. हात बाजूला, थोडा खाली उतरता धरून घरीच मोजून ठेवा. साधारण १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईची युकी ६५च्या आसपास येते. जुने किमोनो पुष्कळदा ६० ते ६३चे असतात. बाईच्या किमोनोची लांबी तिच्या उंचीइतकी लागते, पाचेक सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं, कारण जास्तीचं कापड कमरेवर दुमडून बांधतात. पुरुषांच्या किमोनोत ही दुमड नसते, म्हणून लांबी उंचीपेक्षा पंचवीसेक सेंटिमीटर कमी हवी. तिसरं माप घेराचं. किमोनो पूर्ण उघडून खालची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. ती नितंबाच्या घेराच्या दीडपट असावी. १३५ सेंटिमीटरचा किमोनो ९० घेराला ठीक बसतो. १०५ला तो चालताना उघडतो, आणि त्यावर पिन लावण्याचा उपाय काही खरा नव्हे.

कमी पडणारी युकी कधी कधी वाढवता येते. किमोनो साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि बारा मीटर लांब अशा एकाच ताग्यातून सरळ रेषेत कापतात. आठ तुकडे होतात: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या पट्ट्या दोन, गळपट्टी आणि तिच्यावरची पट्टी. जादा कापड कापून टाकत नाहीत, शिवणीच्या आत दुमडून ठेवतात. खांदा आणि बाही जिथे जुळतात तिथे चिमटीत धरून किती कापड आत आहे ते चाचपा. दोन्हीकडे मिळून तीन-चार सेंटिमीटर लागलं तर युकी वाढू शकते. मात्र वर्षानुवर्षं उजेड लागून बाहेरचं कापड फिकं पडलेलं असतं आणि आतलं गडद राहतं. उसवल्यावर खांद्यावर गडद पट्टा उमटतो. बाहीच्या आत डोकावून दोन्ही रंग आधीच ताडून पाहा.

दुसरं कारण डाग आणि कुजणं, आणि नवखा खरेदीदार इथे फसतो. तो पाठीवरची नक्षी पाहतो. जाणता माणूस आधी आतली बाजू उलटतो. पहिल्यांदा गळपट्टी: घाम आणि पावडर तिथेच बसते, पिवळट तपकिरी झालेला डाग सहसा निघत नाही. मग बाहीची कड. मग समोरचा डावा पल्ला, कारण तोच वर येतो; किमोनो नेहमी डावा पल्ला वर घेऊन बांधतात, उजवा वर फक्त मृताला. मग खालची कड, जिथे अस्तर किंचित बाहेर डोकावतं आणि झिजतं. शेवटी बैठकीची शिवण. ती दोन्ही हातांनी हलकेच ताणा. दोरा तुटला तर फिकीर नाही, दहा मिनिटांचं काम आहे. शिवणीशेजारचं कापडच फाटलं तर किमोनो खाली ठेवा. ते रेशीम मेलं आहे, त्यावर नवी शिवणही टिकणार नाही. जुन्या काळ्या रेशमाच्या बाबतीत जास्त जपा. लोहयुक्त रंगानं काळं केलेलं रेशीम आतून कुजतं आणि वरून छान दिसतं.

नाक वापरायला लाजू नका. कापराचा किंवा डांबराच्या गोळ्यांचा वास हवेवर जातो. ओल्या तळघरासारखा वास म्हणजे बुरशी. ती बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांनाही लागते. कपडा उजेडासमोर धरला की कसरीची भोकंही दिसतात. महायुद्धाच्या आधीच्या किमोनोंत लाल रेशमी अस्तर सापडतं, त्याला मोमी म्हणतात. दिसायला फार देखणं, पण घामानं रंग सोडतं. आत पांढरा कपडा घातल्याशिवाय ते अंगाला लावू नये.

रेशीम की पॉलिएस्टर? मुठीत धरा. रेशीम पटकन ऊब धरतं, चुरगाळलं तर कोरडा कुरकुर आवाज येतो. पॉलिएस्टर गार आणि निसरडं राहतं. पावसाळी सहलीत पॉलिएस्टरचा किमोनो उलट सोयीचा, कारण धुता येतो. रेशमातही उजेडासमोर पारदर्शक, जाळीदार दिसणारं कापड जुलै-ऑगस्टचं, बिनअस्तराचा एकपदरी किमोनो जून आणि सप्टेंबरचा, आणि अस्तराचा बाकीच्या महिन्यांचा. मुंबईच्या हवेत अस्तराचा किमोनो नेसवत नाही, हे घेतानाच लक्षात असू द्या.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं किमोनोपेक्षा हाओरी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हाओरी म्हणजे वरून घालायचा, समोरून उघडा कोट. बांधायची भानगड नाही, जीन्सवर जाते, कुर्त्यावर जाते, आणि माप थोडं चुकलं तरी चालतं. पुरुषांची हाओरी पुष्कळदा बाहेरून साधी काळी असते आणि चित्रं अस्तरावर असतात, म्हणून तिलाही आधी उलटी करा. ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, साडेचार मीटरच्या आसपास लांब आणि ३१ सेंटिमीटर रुंद असू शकतो. जरीचा, निशिजिन विणीचा असेल तर वजन किलोभर. निशिजिन हा विणकरांचा भाग तेनमांगूपासून चालत जाण्याजोगा आहे. २५ तारखेला आधी बाजार करून मग तिकडे वळलात, तर हातातलं कापड कुठे विणलं गेलं ते कळतं.

पैसे रोख न्या, हजाराच्या नोटा. घासाघीस हळुवार. दोन-तीन नग एकत्र हातात घेऊन विचारा, “सुकोशी यासुकु नारिमासु का?”, म्हणजे थोडं कमी होईल का. विक्रेता नाही म्हणाला की विषय तिथेच संपवा. आणि कपडा उलगडलात तसा घडी घालून परत ठेवा. न जमल्यास त्यालाच द्या, गोळा करून टाकू नका.

घरी आणल्यावर धुवायची घाई नको. बारीक सुरकुत्यांच्या पोताचं चिरिमेन रेशीम पाण्यानं आकसतं, अस्तर वेगळ्या प्रमाणात आकसतं, आणि किमोनोला झोळ पडतो. दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर टांगा. नंतर प्लास्टिकमध्ये न ठेवता जुन्या सुती धोतरात गुंडाळा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या कोरड्या हवेत एकदा बाहेर काढा. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवणार असाल तर कापूर ठेवू नका, आणि कापूर ठेवणार असाल तर गोळ्या नकोत. दोन्ही एकत्र आले की वितळून पाझरतात आणि रेशमावर तेलकट डाग पडतो.